ऑर्गनोग्राम काढण्यासाठी मुक्तस्रोत साधन शोधताना

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ऑर्गनोग्राम, म्हणजे पदांची उतरंड दाखवणारा तक्ता, असावा लागतो, याची आठवण बहुतेक ठिकाणी नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या भेटीची, तयारी सुरू झाली की होते. स्वयं-अध्ययन अहवालाच्या सहाव्या निकषात, म्हणजे प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांविषयीच्या भागात, त्याचा दुवा द्यावा लागतो. शिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(ख) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, कार्ये आणि कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. आमच्यासारखे अनुदानित महाविद्यालय त्यात येते, त्यामुळे ज्याला सगळे ‘१७ बाबींची माहिती’ म्हणतात, तिची सुरुवातच या रचनेपासून होते. आमच्याकडे असा तक्ता होता, नव्हता असे नाही. तो कोणीतरी वर्डमध्ये चौकोन आणि रेघा जुळवून काढलेला होता. एक चौकोन सरकवला की त्याच्या रेघा जागच्या जागी राहत आणि मजकूर दुसऱ्या पानावर जाई. दरम्यान दोन विभागप्रमुख निवृत्त झाले होते, समित्या बदलल्या होत्या, आणि तक्त्यात मात्र जुनीच मंडळी कार्यरत होती.

हे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे येण्याचे कारण एवढेच की आमचे ग्रंथालय कोहा या मुक्तस्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, प्रणालीवर चालते. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली वापरात आलेली ती प्रणाली आज जगभर चालते, आणि ती आम्ही परवान्यासाठी पैसे न मोजता वापरतो, याचे प्राचार्यांना कौतुक आहे. “सर, तुमच्या कोहासारखेच या कामासाठी काही असेल ना, ते शोधा,” असे त्यांनी सांगितले. खर्च वाचवणे हे एक कारण होतेच, पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. नॅकच्या एका फेरीत केलेली फाइल पुढच्या फेरीत, बऱ्याच वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच माणसाला आणि दुसऱ्याच संगणकावर उघडावी लागते. ज्या फाइलचे स्वरूप खुले आहे आणि जी साध्या मजकूर-संपादकात उघडूनही वाचता येते, तिच्याबद्दल ही काळजी उरत नाही.

साधन शोधण्याआधी तक्त्यात काय दाखवायचे हे ठरवणे आवश्यक होते, आणि या कामाचा सर्वांत अवघड भाग तोच ठरला. वरवर पाहता रचना सरळ आहे: संस्थेचे नियामक मंडळ, त्याखाली प्राचार्य, प्राचार्यांखाली एका बाजूला उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि प्राध्यापक, तर दुसऱ्या बाजूला कार्यालय अधीक्षक, मुख्य लिपिक, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक आणि परिचर. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांना आपापली जागा देता येते. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार स्थापन होणारी महाविद्यालय विकास समिती कुठे बसवायची? तिचे अध्यक्ष व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात आणि प्राचार्य तिचे सदस्य-सचिव असतात. म्हणजे ती प्राचार्यांच्या खाली नक्कीच नाही. पण प्राचार्य रोजच्या कारभारात तिच्या हुकुमाखाली काम करतात असेही म्हणता येत नाही. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे अध्यक्ष स्वतः प्राचार्य असतात, पण कक्षाचे समन्वयक एखाद्या विभागातील प्राध्यापक असतात, त्यामुळे त्या एकाच व्यक्तीच्या डोक्यावर दोन रेघा येतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यान्वये नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीची पीठासीन अधिकारी वरिष्ठ स्तरावरील महिला कर्मचारी असावी लागते. समिती नेमतात प्राचार्य, मात्र चौकशीत तिने त्यांच्या हाताखालची शाखा म्हणून वागू नये हीच अपेक्षा असते. जन माहिती अधिकारी म्हणून आमच्याकडे कार्यालय अधीक्षक काम पाहतात आणि प्रथम अपिलीय अधिकारी प्राचार्य आहेत, कारण अपील ऐकणारा अधिकारी माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ असलाच पाहिजे. ही जोडी प्रशासकीय रेघेशी जुळते, पण तिचे नाते निराळे आहे.

यावर आमच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की सेवाविषयक अधिकाराची रेघ अखंड काढायची, समितीशी असलेले नाते तुटक रेघेने दाखवायचे, आणि तक्त्यात माणसांची नावे न लिहिता केवळ पदे लिहायची. नावांची यादी त्याच कलमाखाली निर्देशिका म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावीच लागते, तेव्हा ती दोन ठिकाणी सांभाळण्यात अर्थ नव्हता. या निर्णयांनी साधनाच्या निवडीलाही दिशा दिली. एका पेटीला दोन वरिष्ठ चालले पाहिजेत, रेघांचे दोन प्रकार हवेत, देवनागरी जोडाक्षरे नीट उमटली पाहिजेत, आणि दर जूनमध्ये समित्यांची पुनर्रचना झाली की सगळा तक्ता पुन्हा हाताने मांडावा लागू नये, अशा चार अपेक्षा घेऊन मी शोध सुरू केला.

पहिली चाळणी परवान्याची होती. या विषयावरील याद्यांमध्ये फुकट वापरता येणारे प्रत्येक साधन मुक्तस्रोत म्हणून मांडलेले असते. आकृत्या काढण्याचे वायएड हे साधन त्याचे ठळक उदाहरण आहे. ते विनामूल्य आहे, त्याची आपोआप मांडणी करण्याची क्षमता खरोखर उत्तम आहे, पण त्याचा स्रोत खुला नाही. काही संकेतस्थळे ठरावीक पेट्यांपर्यंत विनाशुल्क तक्ता काढू देतात आणि मग वर्गणी मागतात. ती तर या यादीत यायलाच नकोत. खात्री करून घेण्यासाठी मी एक सोपी कसोटी लावली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मुख्य संग्रहात तेच सॉफ्टवेअर घेतले जाते ज्याचा परवाना त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत बसतो. लिबरऑफिस, डाया, ग्राफविझ, इंकस्केप, प्लांटयूएमएल आणि फ्रीप्लेन ही सारी त्या संग्रहात आहेत. आपण डेबियन वापरत नसलो तरी त्यांनी केलेली छाननी आपल्या उपयोगी पडते.

लिबरऑफिस या कार्यालयीन संचातील ड्रॉ या चित्रे काढण्याच्या साधनापासून सुरुवात केली, कारण ते कार्यालयातील संगणकांवर आधीपासून होते आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. त्यातील जोडरेघा पेट्यांना चिकटतात, म्हणजे पेटी हलवली की रेघ तिच्यामागून जाते. एवढ्यानेच वर्डमधील तक्त्याचा अर्धा त्रास संपतो. देवनागरीची काहीच अडचण आली नाही. मात्र ड्रॉला पदांमधले नाते कळत नाही. कोणती पेटी कोणाच्या खाली आहे हे त्याच्या लेखी केवळ जागेचे अंतर असते. मध्ये एक नवे पद घातले तर उजवीकडच्या सगळ्या पेट्या स्वतःच सरकवाव्या लागतात. दुसऱ्या एका महाविद्यालयाने पॉवरपॉइंटमधील स्मार्टआर्ट ही तयार आकृत्यांची सोय वापरून केलेला तक्ता नमुना म्हणून मिळाला होता, तो लिबरऑफिसमध्ये उघडला तर चित्र दिसले, पण ते सुट्या आकृत्यांचा गट म्हणून. स्मार्टआर्टसारखी नवी पेटी घातली की मांडणी आपसूक बदलावी, हे तिथे होत नाही. ज्यांचा तक्ता वीस-पंचवीस पेट्यांचा आहे आणि क्वचितच बदलतो, त्यांनी मात्र ड्रॉच वापरावे, उगाच पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

डाया या जुन्या साधनाकडे थोडक्यातच पाहिले. त्याची ०.९७.३ ही आवृत्ती २०१४ सालची. तिच्यानंतर बरीच वर्षे नवी स्थिर आवृत्ती आली नाही, आणि जे काम ते करते ते ड्रॉमध्येही होत होते. फ्रीप्लेन हे विचारनकाशे काढण्याचे साधन आहे. विचारनकाशात प्रत्येक फांदी एकाच खोडातून फुटते, त्यामुळे दोन वरिष्ठ असलेले पद त्यात सहज मावत नाही. प्लांटयूएमएलमध्ये कामाची विभागणी दाखवणारा एक आकृतिप्रकार आहे, ज्यात ओळीच्या सुरुवातीला एक, दोन, तीन तारका दिल्या की त्या प्रमाणात पातळी खाली जाते. केवळ प्रशासकीय शाखेचा तक्ता मी त्यात थोड्याच वेळात काढला आणि तो देखणाही दिसला. तिथेही मूळ घडण एका वरिष्ठाची असल्याने समित्यांपाशी येऊन गाडी अडली.

ग्राफविझपाशी मी सर्वाधिक रमलो. एटी अँड टी कंपनीच्या संशोधन विभागात १९९० च्या दशकात जन्मलेले हे साधन आज एक्लिप्स पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यात आपण चित्र काढतच नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे एवढे साध्या मजकुरात लिहितो आणि डॉट नावाची आज्ञावली पेट्यांच्या पातळ्या ठरवून, रेघांचे छेद शक्य तितके कमी करून मांडणी करते. ‘प्राचार्य’ लिहून, आडवी रेघ आणि मोठेपणाचे चिन्ह यांचा बाण देऊन पुढे ‘ग्रंथपाल’ लिहिले की एक नाते पूर्ण होते. नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे लागते. एकच शब्द असेल तर देवनागरीतही तो तसाच स्वीकारला जातो, हे पाहून बरे वाटले. एका पेटीला कितीही वरिष्ठ देता येतात. तुटक रेघेसाठी शैली बदलता येते, आणि त्याबरोबर ‘कन्स्ट्रेंट’ हा गुणधर्म बंद केला की ती रेघ काढली जाते पण पेटीची पातळी ठरवण्यात तिला मत राहत नाही. आमच्या समित्यांचा गुंता नेमका या एका गुणधर्माने सुटला. अंतर्गत तक्रार समितीला मी विभागांच्या रांगेतून बाहेर काढून बाजूला ठेवू शकलो आणि प्राचार्यांशी तिचे नाते तुटक रेघेनेच दिसले.

मांडणीची दिशा बदलण्याचीही त्यात सोय आहे, एवढी की मुळाकडून शेंड्याकडे, म्हणजे खालून वर जाणारा तक्ताही निघतो. हे सांगण्याचे कारण असे की संघटनेच्या आद्य तक्त्यांपैकी एक मानला जाणारा अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचा १८५५ सालचा तक्ता याच प्रकारचा होता. तिचे महाअधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांच्यासाठी जॉर्ज हेन्शॉ यांनी तो रेखाटला, आणि त्यात संचालक मंडळ झाडाच्या बुंध्याशी असून मार्ग आणि कर्मचारी फांद्यांसारखे वर पसरलेले आहेत. मी गंमत म्हणून आमचा तक्ता तसा उलटा काढून दाखवला. प्राचार्य हसले, पण नियामक मंडळापुढे तो न्यायचा नाही असे त्यांनी लगेच स्पष्ट केले.

ग्राफविझच्या अडचणी दोन प्रकारच्या होत्या. पहिली टंकाची, म्हणजे फॉन्टची. पेटी किती रुंद हवी हे ग्राफविझ टंक पाहून मोजते. मागितलेला टंक संगणकावर नसेल तर अंदाजाने रुंदी धरली जाते आणि ‘प्रयोगशाळा सहायक’ यातील शेवटची अक्षरे पेटीबाहेर डोकावतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला मुक्त परवान्याचा मुक्ता हा टंक सर्व संगणकांवर बसवून त्याचेच नाव फाइलमध्ये दिल्यावर ही कुरबुर थांबली. दुसरी अडचण रुंदीची. एका विभागप्रमुखाखाली सहा-सात पदे एका ओळीत आली आणि असे बरेच विभाग शेजारी-शेजारी बसले की तक्ता आडवा पसरतच जातो. ए-फोर कागदावर छापल्यास काहीच वाचता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. खालच्या पदांना अदृश्य रेघांनी एकाखाली एक बांधता येते, किंवा एका विभागाची सर्व पदे एकाच पेटीत, छोट्या तक्त्यासारखी, ओळीओळीने लिहिता येतात. मी दुसरा उपाय निवडला, कारण लिपिकांच्या पाच पेट्या वेगवेगळ्या दाखवण्याने वाचणाऱ्याला जास्तीचे काहीच कळत नाही.

ग्राफविझचा खरा फायदा मात्र मजकूर आणि मांडणी यांची फारकत हा होता. पदांची यादी मी लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या साधनात केली: पदाचा क्रमांक, मराठी नाव, इंग्रजी नाव, वरिष्ठ पदाचा क्रमांक आणि समितीशी असलेले नाते, असे स्तंभ. शेवटच्या स्तंभात सूत्राने हे तुकडे जोडून ग्राफविझला हवी ती ओळ तयार होते आणि तो स्तंभ उचलून फाइलमध्ये चिकटवला की काम झाले. नॅकचा अहवाल इंग्रजीत जातो, तर आमचा माहिती अधिकाराचा मजकूर मराठीत असतो. नावांचा स्तंभ बदलला की त्याच यादीतून दोन्ही भाषांतले तक्ते निघतात आणि त्यांत तफावत राहत नाही. कार्यालयातील कर्मचाऱ्यांची जुनी यादी युनिकोडपूर्व टंकात असल्याने ती तेवढी नव्याने टंकलिखित करावी लागली.

इतके जमल्यावर शोध संपायला हवा होता. परंतु आमच्या मुख्य लिपिक मॅडमनी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करण्यास स्वच्छ नकार दिला. “सर, तुम्ही सुट्टीवर असताना सहसंचालक कार्यालयातून फोन आला तर मी हे कसे करू?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यासाठीच मी ड्रॉ डॉट आयओकडे वळलो. ब्राउझरमध्ये चालणारे हे साधन संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही वापरता येते. त्याचा स्रोत गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो आणि परवान्याचा मजकूर अपाची २.० या मुक्त परवान्यावर आधारलेला आहे. मात्र विकास मूळ कंपनीच करते, बाहेरून आलेला कोड ती स्वीकारत नाही. मुक्तस्रोताची व्याख्या काटेकोरपणे लावणाऱ्यांनी त्याचा परवाना आपण वाचूनच निर्णय घ्यावा. आम्ही ते वापरायचे ठरवले, कारण त्याची फाइल मजकूर स्वरूपात वाचता येते आणि तीच आमची मूळ अट होती.

यातील फारशी चर्चा न होणारी सोय म्हणजे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ विभागलेली साध्या मजकुरातील यादी, घालून तक्ता बनवणे. ‘अरेंज’ मेनूतील ‘इन्सर्ट’, त्यातील ‘अॅडव्हान्स्ड’ आणि त्यातील ‘सीएसव्ही’ निवडले की एक खिडकी उघडते आणि तिच्यात ऑर्गनोग्रामचाच नमुना भरलेला असतो. वरच्या ओळींत पेटीत काय लिहायचे, कोणता स्तंभ कोणत्या स्तंभाशी जोडायचा, रेघ अखंड की तुटक, पेट्यांमध्ये अंतर किती, मांडणी उभी की आडवी, हे सांगायचे. खाली यादी चिकटवायची. जोडणीच्या ओळी एकाहून अधिक देता येतात, म्हणून एक वरिष्ठांसाठी आणि दुसरी समित्यांसाठी, अशा दोन ओळी पुरल्या. स्तंभांची शीर्षके रोमन अक्षरांत ठेवली, बाकी मजकूर देवनागरीत. पदाच्या नावात स्वल्पविराम असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत घालावे लागते. यादी सीएसव्ही म्हणून जतन करताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडला आहे ना, हे मात्र पाहावे, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. कॅल्क जतन करताना ते विचारतेच. मॅडमना हे सारे एकदा दाखवले आणि वरच्या सूचनांच्या ओळी एका फाइलमध्ये ठेवून दिल्या. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच यादी चिकटवून तक्ता काढला आणि मग दोन पेट्या माऊसने ओढून आपल्या मनासारख्या बसवल्याही. ग्राफविझमध्ये असे ओढणे शक्य नाही, आणि ज्यांना ते हवे असते त्यांना त्याचे मोल फार वाटते.

म्हणून आता आमच्याकडे यादी एकच आहे आणि तिच्यातून प्रशासकीय तक्ता कार्यालय ड्रॉ डॉट आयओमध्ये काढते, तर सर्व समित्यांसह असलेला मोठा तक्ता मी ग्राफविझमध्ये काढतो. समित्यांच्या पुनर्रचनेचे परिपत्रक निघाले की आधी यादी बदलायची, तक्त्यात थेट हात घालायचा नाही, एवढा एकच नियम केला आहे. मोठ्या तक्त्याच्या तळाशी अद्ययावत केल्याचा दिनांक आपोआप येतो, कारण तोही यादीतल्याच एका रकान्यातून घेतला जातो.

संकेतस्थळाचे काम झाल्यावर प्राचार्यांना हाच तक्ता प्रवेशद्वाराजवळ फ्लेक्सवर हवा होता. फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉ असते आणि त्यांची मागणी ठरलेली असते: “सर, टेक्स्ट कर्व्ह करून द्या,” म्हणजे अक्षरांचे रूपांतर आकृत्यांत करून द्या, जेणेकरून त्यांच्या संगणकावर आपला टंक नसला तरी बिघडणार नाही. ड्रॉ डॉट आयओमधून काढलेली एसव्हीजी या चित्रस्वरूपातील फाइल इंकस्केप या चित्रसंपादकात उघडली असता काही पेट्यांत पदाच्या नावाऐवजी मजकूर दाखवता येत नसल्याची इंग्रजी सूचना दिसली. पेटीतील मजकूर वेब पानाच्या पद्धतीने साठवलेला असतो आणि इंकस्केपला ती पद्धत वाचता येत नाही, हे त्याचे कारण. पेट्यांच्या मजकुरासाठी ‘फॉर्मॅटेड टेक्स्ट’ आणि ‘वर्ड रॅप’ हे दोन्ही पर्याय बंद केले की मजकूर साधा होतो आणि प्रश्न मिटतो. मग लांब नावे दोन ओळींत आपणच तोडावी लागतात. ग्राफविझच्या एसव्हीजीत मजकूर साधाच असतो, म्हणून फ्लेक्ससाठी मी तीच फाइल घेतली, इंकस्केपमध्ये सगळे निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केले आणि पीडीएफ करून पाठवली. जोडाक्षरे जशीच्या तशी छापून आली. फ्लेक्सवर केवळ पदेच असल्याने पुढच्या जूनमध्ये समन्वयक बदलले तरी तो उतरवावा लागणार नाही. महाविद्यालय विकास समितीची पेटी प्राचार्यांच्या शेजारी, तुटक रेघेने जोडलेली, यावर मात्र संस्थेच्या कार्यालयातून एकदा विचारणा झाली, तेव्हा कलम ९७ ची प्रत तक्त्यासोबत जोडून पाठवली.